मलका आजींचा अडकलेला नवस

जेवण अंमळ जडच झालंय. चार वाजता फेलोशिपवाल्यांची मुलाखत आहे, तीही लॅपटॉपवर, म्हणून कावेरी दाभाडे हॉस्टेलच्या खाटेवर नुसती पाठ टेकते. परदेशांतल्या समाजांवर प्रबंध लिहिणाऱ्यांना शेवटचं वर्ष निभावून नेणारी ही फेलोशिप; ती हुकली की प्रबंध बारगळलाच. पण कावेरीनं मनाशी ठरवून टाकलंय. आज नको म्हणून सांगायचं आणि गावच्या कॉलेजातली नोकरी धरायची. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी ज्यूंवर तिचं सगळं लिहून झालंय, राहिलंय ते फक्त मलका आजींचं प्रकरण. इस्रायलात ज्यांच्या घरी बसून तिनं माहिती गोळा केली, त्या या आजी गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायचा तिला धीरच होत नाही.

डोळा लागतो न लागतो तोच खोबरं खवल्याचा आवाज येतो. खाटेच्या पायथ्याशी मलका झिराडकर विळी घेऊन बसल्यात. हे त्यांचं इस्रायलमधल्या दिमोना गावातलं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर वाळवंट. वरचा पंखा मात्र हॉस्टेलचाच, कुरकुरणारा.

"आजी, तुम्ही तर..."

"मेले. माहीत आहे मला. ते पोहे धू आधी."

कावेरी मुकाट्यानं पोहे धुते. त्यात साखर पडते, खोबरं पडतं, वेलची पडते. मलिदा! एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, बोललेला नवस फेडताना आजींची माणसं करतात तो. वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटतं आणि ती चिमूटभर उचलते.

"हात मागे घे गो! इतकं माझ्या घरी जेवलीस, आणि बेराखाची प्रार्थना म्हणायच्या आधीच खातेस?"

"चुकले. पण नवस कुणाचा?"

"माझाच. या पोरीचा प्रबंध पुरा होऊ दे, मलिदा करीन, असं हन्नबीला बोलून बसले. तू पुरा करीनास, मी फेडू कसा? अडकलेय ना मी!"

"नाही जमत हो आजी. तुमचा आवाज ऐकला की रडू येतं."

"मग रडत लिही. नको कोण म्हणतंय?"

पायाखालची फरशी खडबडीत लागते. तो कातळ आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा. हन्नबीचा रथ इथूनच गेला, दगडात त्याच्या चाकाची खूण आहे, असं आजींची माणसं मानतात. कावेरीनं प्रबंधात त्या खुणेला 'तथाकथित' म्हणून ठेवलंय. आता ती खुणेत बोट घालते, तर दगड ऊन लागतो. चाक नुकतंच गेलंय.

कातळावर मुलाखत घेणारे तिघे टाय लावून, मांडी घालून, ओंजळ पुढे करून बसलेत. आजी बेराखा म्हणू लागतात. तोच आवाज, किंचित घोगरा, आणि कावेरी तो शेवटपर्यंत ऐकते. वारा पडतो. ताटातले पोहे मात्र थरथरतात. कुणी दिसत नाही, तरी सगळ्यांच्या माना आपोआप खाली जातात. एवढं मोठं काही आपल्या इतक्या जवळून आजवर गेलेलं नाही, हे कावेरीला कळतं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा येतो.

आजी तिच्या तळव्यावर मलिदा ठेवतात आणि तिची बोटं मिटवतात.

"आत्ता खायचं नाही. पुरा झाला की खा."

लॅपटॉप वाजतोय. कावेरी धडपडून उठते. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती किलकिली करून बघते, तर तळव्याला एक भिजलेला पोहा चिकटलाय, आणि वेलचीचा वास येतोय. हॉस्टेलात वेलची कुठली!

ती मूठ पुन्हा मिटते, डाव्या हातानं बटण दाबते. पडद्यावर तिघं, टाय लावलेले.

"मिस दाभाडे, शेवटचं प्रकरण रखडलेलं दिसतंय. प्रबंध पूर्ण होईल याची खात्री काय?"

"होणार, सर," कावेरी म्हणते. "त्यावर नवस बोललेला आहे."