ती रडत नव्हती

ती रडत नव्हती, हे कळायला मला चार सिनेमे लागले. तोवर मी तिच्या नावाने सगळ्यांना पोटभर रडवून मोकळी झाले होते.

ती नटी आणि मी तिचा आवाज. शूटिंगच्या वेळी पंखे, दिवे, आरडाओरडा यांत नीट काही रेकॉर्ड व्हायचं नाही. म्हणून नंतर एका बंद खोलीत पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि समोर माइक धरून कुणीतरी पडद्यावरच्या ओठांशी जुळवून बोलायचं. बहुतेक नट्या आपलं आपण बोलत. तिच्या बाबतीत मात्र पहिल्याच सिनेमात ठरलं, की चेहरा हिचा ठेवा आणि आवाज दुसरीकडून आणा. तिचा आवाज जाड होता. आई मंडईत भाजी विकायची आणि तिची हाक मंडईच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. तोच घसा लेकीत उतरला होता. शाळेत तिला पोरी ‘भोंगा’ म्हणत. एकोणिसाव्या वर्षी ती पडद्यावर आली तेव्हा भोंगा मागे ठेवून यावा लागला. त्या जागी मी, नाकासमोर चालणाऱ्या घरातली, गोड गळ्याची मुलगी.

माझ्या गोडव्याची मला सवय होती. घरी मी चिडून काही बोलले की नवरा पेपरमागून म्हणायचा, “पुन्हा एकदा म्हण ना, ऐकायला छान वाटतं.” मी पुन्हा म्हणायची. इतकी मी बावळट.

ज्या नटीला दुसरीचा आवाज असतो ती डबिंगच्या खोलीत पाऊल टाकत नाही, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम होता. चौथ्या सिनेमाला ती सरळ दार ढकलून आत आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. आमची ती पहिली भेट. पडद्यावर भाऊ तिचं शिलाई मशीन विकून आलेला असतो आणि ती म्हणते, “माझं मशीन परत आण.” दिग्दर्शकाने मला सांगितलं होतं, आवाजात थोडं पाणी घाल. मी घातलं. चांगलं दोन हुंदके भरून घातलं. दिग्दर्शक खूश होऊन चहाला गेला. ती उठून माझ्याजवळ आली.

“तू रडलीस कशाला?” तिने विचारलं.

“प्रसंगच तसा आहे, बाई.”

“माझ्या डोळ्यांत पाणी दिसतंय का तुला?”

तिने रेकॉर्डिस्टला तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मी पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत होते, आणि त्यात असा संताप होता की भावाच्या जागी मी असते तर मशीन स्वतः डोक्यावर उचलून आणलं असतं. हे मला चार सिनेमे दिसलं नव्हतं, कारण आमच्या कामात फक्त ओठ बघायचे असतात. डोळ्यांशी आमचा संबंध नाही.

“मला राग आला होता. तू त्याचं रडगाणं केलंस, साखरे,” ती म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिच्या तोंडी माझं नाव ‘साखर’ पडलं. कौतुकाचं नव्हतं ते.

आता यात गंमत अशी, की तिचा खरा आवाज त्या काळात बाहेर कुणी ऐकला नसेल तितका मी ऐकला. शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज माझ्या कानातल्या हेडफोनमधून यायचा. एकोणीस वर्षं, बावीस सिनेमे. खरखरीत, भरलेला, कुणाच्या बापाला न भिणारा आवाज कानात यायचा आणि माझ्या तोंडातून लाडिक होऊन बाहेर पडायचा. लोकांना वाटायचं, किती सोसते बिचारी. अहो, ती काडीचं सोसत नव्हती. सोसण्याचं सगळं काम माझ्याकडे होतं.

दर सिनेमाला ती निर्मात्याकडे जाऊन एकच मागायची. भूमिका लहान द्या, नाव खाली टाका, पण मी माझ्या तोंडाने बोलेन. सुरुवातीला ते म्हणायचे, लोक हसतील. पुढे म्हणायला लागले, “बाई, लोकांना आता तुमचा आवाज पाठ झालाय. बदलला तर वाटेल दुसरीच कुणी बोलतेय.” यावर काय बोलणार, कपाळ. मुलाखती द्यायच्या नाहीत, असं तिच्या करारातच लिहिलेलं असे. एकदा एका चाहत्याने घरी फोन केला. तिनेच उचलला. “दादा, जरा बाईंना बोलवता का?” पलीकडून विचारलं. “बाई मेल्या,” म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी निर्मात्याच्या ऑफिसात दोन हार येऊन पडले होते. तिने ते घरी नेऊन स्वतःच्याच फोटोला घातले आणि आठवडाभर काढले नाहीत.

अडतिसाव्या वर्षी तिला आईची भूमिका आली. मुलगा होणारा नट तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण ते चालायचंच. त्या सिनेमात मुलगा बायकोवर हात उगारतो आणि आई त्याला दार दाखवते. “या घरातून चालता हो. आत्ता.” बस, एवढंच वाक्य. ती माझ्या घरी आली तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. एक चिमटा हातात घेऊन ती म्हणाली, “हे वाक्य मी असं म्हणणार आहे, की तुला काय, तुझ्या आजीलाही जुळणार नाही.”

“बाई, मी घोड्याच्या तोंडालासुद्धा जुळवून देईन,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. माझ्या कामाचा मला गर्व होता.

“बघू,” ती म्हणाली आणि चिमटा माझ्या पदराला लावून गेली.

पडद्यावर आलं ते असं. ‘या’ म्हणून ती थांबली होती. ‘घरातून’ अर्धं गिळलं होतं. ‘चालता’च्या मध्येच श्वास घेतला होता आणि ‘हो’ जवळजवळ मिटल्या ओठांनी सोडला होता. आवाज नंतर मी देणार असल्यामुळे शूटिंगला कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मी पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा चुकले. मग दिग्दर्शक बाहेर कुणाशी तरी हुज्जत घालायला गेला आणि तिसऱ्या टेकला मला ते जुळलं. केसाचाही फरक नाही. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला.

हेडफोनमधून तिचा कच्चा आवाज पुन्हा आला, कारण त्याने तोच तुकडा पुन्हा लावला होता. ‘आत्ता’ हा शब्द माझ्या कानात असा आदळला की मला माझीच लाज वाटली. एका बाईने आयुष्यभर मागितलेली एकच गोष्ट, आणि ती हिसकावायला मी माझी हुशारी पणाला लावत होते. मी हेडफोन काढला.

“नाही जमलं,” मी म्हणाले.

रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून कागदावर तिसऱ्या आकड्यापुढे फुली मारली. तो आधीच कमी बोलायचा. त्या दिवशी तर त्याने तोंडाला कुलूपच लावलं.

त्यानंतर दिग्दर्शकासमोर मी चौदा वेळा चुकले. चुकणं सोपं वाटतं ना? येत असलेली गोष्ट चौदा वेळा वेगवेगळी चुकवून बघा. शेवटी तो वैतागून म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो.

“बोलवा,” मी म्हणाले. “मला जमलं नाही ते तिला जमलं तर मी उद्यापासून हे काम सोडते. आणि तिलाही नाही जमलं तर पोस्टरवरची तारीख तुम्हीच खोडायला जा.”

माझा गळा गोडच होता, पण त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना बोलावणं गेलं. तिने एका टेकमध्ये वाक्य संपवलं. आणि एक प्रसंग तिचा नि बाकीचे माझे, असं तर चालत नाही. म्हणून सगळी भूमिकाच तिच्या आवाजात गेली.

सिनेमा लागला तेव्हा तिच्या पहिल्या वाक्याला थिएटर हसलं. मागून कुणीतरी विचारलं, “सर्दी झालीय काय?” मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. पुढे तिने दार उघडलं, पोराकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. कुणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ समोरच्या खुर्चीवर टेकलेले पाय हळूच खाली घेऊन नीट बसला.

त्यानंतर तिच्याकडे दोन निर्मात्यांनी पाठ फिरवली. इतरांनी तिला तुरुंगाची जेलर केलं, मुख्याध्यापिका केलं, चोरांच्या टोळीची आई केलं. तिने पुढच्या सगळ्या भूमिका स्वतःच्या घशाने वाजवल्या आणि प्रत्येक मुलाखतीत छाती काढून सांगितलं, की माझ्या ओठांपुढे त्या साखरेने हात टेकले. माझी कामं त्यामुळे कमी झाली. मी चकार शब्द काढला नाही. फक्त त्या दिवसापासून मी तिला ‘अहो बाई’वरून ‘अगं’वर आणलं, आणि तिने ते चालवून घेतलं.

परवा ती आली होती. एकाहत्तर वर्षांची आहे, काठी वापरते, पण चालायला कमी आणि माणसांना ढोसायला जास्त. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून चहा पिता पिता सहज म्हणाली, “तिसऱ्या टेकला तुझं जुळलं होतं.”

माझा कप हातातच राहिला. “कुणी सांगितलं?”

“रेकॉर्डिस्टने. मी बोलायला आले त्याच दिवशी ऐकवलं मला.”

“मग इतकी वर्षं जगभर माझी बदनामी का केलीस गं?”

“कारण ओठ जुळले होते, पण तू पुन्हा रडली होतीस. वाक्याच्या शेवटी, एवढंसं,” तिने बोटाचं पेर दाखवलं. “म्हणजे जमलं नव्हतंच ना.”

मला आधी राग आला आणि मग कळलं, की ती बरोबर बोलतेय. ते जास्त झोंबलं.

“म्हण आता,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? या वयात?”

“ओठांकडे नको बघू. डोळ्यांकडे बघ आणि म्हण.”

पहिल्यांदा म्हटलं ते साखरेच्या पाकासारखं आलं. तिने तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा हसू आलं. मग मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. आवाजात पाणी घाल म्हणणारे सगळे दिग्दर्शक मला आठवले, आणि बाहेरच्या खोलीतला तो पेपर आठवला, ज्याच्यामागून मला चाळीस-पंचेचाळीस वर्षं ‘छान वाटतं’ ऐकू येत होतं.

“या घरातून चालता हो. आत्ता.”

बाहेर पेपरची सळसळ थांबली. थोड्या वेळाने नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चष्मा कपाळावर होता आणि एका पायात चप्पल होती.

“कुठे जाऊ?” त्याने विचारलं.

“बसा भाऊजी,” ती तिच्या त्या जाड आवाजात म्हणाली. “हिला आत्ता जुळलं.”