पसंती माझी, उत्तरं नवऱ्याची

"तुमच्या मिसेसच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्यात," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

पायांना सूज होती, तोंडाची चव गेली होती. मी ते वयावर ढकललं होतं. आता डायलिसिस, म्हणजे किडनीचं काम बाहेरून करून घेणं. हिमोडायलिसिसमध्ये आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात मशीनवर रक्त शुद्ध करतात. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटात नळी बसवतात आणि औषधी पाणी आपणच रोज घरी भरायचं, काढायचं.

मला घर हवं होतं. आमच्या डोंगरी गावातून भाईंदरच्या हॉस्पिटलापर्यंत बसचे धक्के खायचे आणि परत येऊन मेल्यासारखं पडायचं, याला मी जगणं म्हणत नाही.

या हॉस्पिटलात पेशंटची पसंती मोजतात. समुपदेशक मुलगी प्रश्नांचा टॅबलेट घेऊन आली. पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. दोन-दोन गोष्टी समोर ठेवतात: घरी राहणं की नर्सची देखरेख? देखरेख की नळीतून जंतू शिरण्याची भीती? कुठली मोठी, किती पटीने, ते सांगायचं. त्यावरून तुमचा कल कुठे आहे ते निघतं.

"आंटी, तुम्हाला काय जास्त महत्त्वाचं वाटतं?"

"तिला काय इचारता? मी हाय ना," नवरा म्हणाला. "घरात नळी नको. काय झाला तर कोन बगनार?"

आमच्याकडे दवाखान्यात बाईने जीभ दाखवायची, बोलायचं पुरुषाने. मला बघायला आले तेव्हाही प्रश्न मला होते आणि उत्तरं बाबांची. समुपदेशक मुलगी त्याच्याच उत्तरांची बटणं दाबत गेली.

"उत्तरं एकमेकांशी एकदम जुळतायत," शेवटी ती खूश होऊन म्हणाली. जुळणारच! एकाच माणसाने दिली होती, आणि सुई काही त्याला टोचणार नव्हती.

अशी माझी पसंती हिमोडायलिसिस निघाली.

काही महिने सोसलं. रागाने आतल्या आत जळत होते. मग एकदा नवरा औषधं आणायला खाली गेला, तेव्हा मुलीला म्हटलं, "ते परत लाव. आता मी सांगते."

या खेपेला टॅबलेटवर लाल खूण आली.

"आंटी, जुळत नाहीये. घर देखरेखीपेक्षा मोठं म्हणता, देखरेख भीतीपेक्षा, आणि भीती परत घरापेक्षा मोठी! असं गोल कसं फिरेल?"

"फिरतं. मला भीती वाटते, आणि तरी मला घरीच जायचंय. लिही तसंच."

डॉक्टरांनी ते वाचलं. "बरं," ते म्हणाले, "पण मिस्टर काय म्हणतात?"

"त्यांना डायलिसिस लागत नाही, डॉक्टर."

नळी बसली. हात धुऊन, मास्क लावून पाणी मीच भरते. भीती अजून गेलेली नाही. नवरा दारातूनच बघतो. डॉक्टरांची आणि त्या मुलीची मी आभारी आहे, खोटं कशाला बोलू? पण तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी घरच्यांना चहाला पाठवा आणि मगच टॅबलेट हातात घ्या.