चौकातली लिंबं

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., गणित. कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकरोडला राहायचो. कॉलनीत शिरायच्या रस्त्यावर एक चौक होता. पोरगं नापास झालं, नळाला पाणी कमी आलं, की बायका लिंबू-मिरची, दहीभात ओवाळून चौकात ठेवायच्या. जो ओलांडेल त्याला पीडा लागणार. ओलांडणारे कोण, तर आम्हीच! सगळी कॉलनी आपली दुखणी एकमेकांना वाटायची आणि वर म्हणायची, ज्याचं त्याचं कर्म.

मला बघायला नांदगावकडचे पाहुणे आले तो रविवार. आदल्या दिवशी शनिवारची अमावस्या, त्यामुळे चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यस्थाने सांगितलं होतं, हे लोक लग्नानंतर बी.एड. करू देतील. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं.

जीप चौकाच्या पलीकडेच थांबली. अलीकडे आम्ही आणि आमच्यामागे सगळी कॉलनी. मुलाचे वडील उतरले.

"हा चौक हाय का भाजीबाजार? मी नाय ओलांडणार. इथूनच विचारतो. पोरीला स्वयंपाक येतो का?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या काकू ओरडल्या, "येतो! पुरणपोळी तर अशी करते!" मी पुरणपोळी कधी केलीच नव्हती.

"शिकली किती?"

"बी.एस्सी.!" अख्खी कॉलनी ओरडली. 'गणित' मी एकटीने जोडलं.

"स्वभाव?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, "चालतोय!"

"बरं, हा पसारा कुणाचा?"

आता सगळे आभाळाकडे बघायला लागले. गॅलरीतले काका म्हणाले, "बाहेरचे लोक टाकतात."

मला राहवलं नाही. "बाहेरचं कुणी नाही. सगळ्यांचंच आहे. ते टाचण्या टोचलेलं लिंबू आमच्या आईचं. मला तुमची नजर लागू नये म्हणून सकाळीच ठेवलंय."

आईने असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला. पण पलीकडे मुलाची आई हसत सुटली.

"अगं बाई, आम्ही बी निघताना आमच्या चौकात ठेवून आलो! तुमची नजर नको म्हणून!" मग पदर खोचून म्हणाली, "आता सगळ्यांनी मिळून ओलांडू. वाटून घेतलं की एकेकाला कितीसं येतंय? का गं, गणितात बसतं ना?"

"बसतं," मी पदवीला स्मरून सांगितलं.

दोन्हीकडचे लोक हात धरून एकदम निघाले. पाहुणे इकडे आले, कॉलनी तिकडे गेली. मग कॉलनीला परत यावं लागलं. त्यात गॅलरीतून खाली आलेले काका दहीभातावरून घसरून बसले.

"बघा," मुलाचे वडील खूश होऊन म्हणाले, "निम्मं तर यांनीच घेतलं!"

उरलेलं सगळ्यांनी झाडून टोपलीत भरलं. मग आपण होऊन सगळी कॉलनी आमच्या दोन खोल्यांत शिरली. मुलगा कांद्याच्या गोणीवर बसला. गर्दीत मी थेट विचारलं, "बी.एड. करू देणार ना?"

मुलाच्या वडिलांनी तोंड उघडलं, तोवर सगळे ओरडले, "देणार!"

"घ्या! म्हणजे मी काही बोलायचंच नाय?" असं म्हणून त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागितली.

आमच्याकडे त्याला होकार म्हणतात.