साडूंचा मोन्युरा

आमच्या थोरल्या साडूंइतका चुकीच्या गावात जन्मलेला माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. गृहस्थांनी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि जीव लावला तो मोन्युरा नावाच्या एका किड्यावर. पंख नाहीत, लांबी नखाएवढी, मागं एकच लांब शेपूट. डायनासोरांच्याही आधीचा, वंश कधीचाच बुडालेला. आता तो फक्त दगडात उमटलेला सापडतो, तोही परदेशातल्या. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पोटात सगळा थिजलेला लाव्हा. पाहुण्यांना वेरूळ दाखवायला नेलं की साडू लेण्यापुढं उभं राहून दगडालाच नावं ठेवत. "कोरलंय लई देखणं, पण यात किडा नाय सापडायचा."

घरात कसर मारायला बंदी. कसर म्हणजे कपाटात पुस्तकं कुरतडणारा तो रुपेरी किडा. "मोन्युराचे भाऊबंद हायेत, राहू द्या," म्हणायचे. भाऊबंदांनी अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, लग्नातली पैठणी चाळणी करून टाकली तेव्हा अक्कांनी बोलणं टाकलं. हे मात्र पदराची भोकं भिंगाखाली धरून बसले होते.

एवढं करून खरा मोन्युरा त्यांनी कधी पाहिला नाही. मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच हौस. एकुलता एक मुलगा अमेरिकेत, आणि त्याच्याच शहरातल्या संग्रहालयात तो दगड काचेमागं ठेवलेला. "पुढच्या उन्हाळ्यात नेतो, बाबा," हे चिरंजीव दर उन्हाळ्यात सांगत. साडू दरवेळी अमेरिकेला न्यायचा स्वेटर पेटीतून काढून उन्हात घालत. होता होता काचबिंदूनं एक डोळा गेला, दुसरा अधू झाला. मला विचाराल तर असल्या लेकापेक्षा कसर बरी, निदान घरात तरी राहते.

गेल्या दिवाळीत चिरंजीव बायकोपोरांना घेऊन त्या संग्रहालयात गेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाबा, तुमचा किडा बघून आलो.' फोटोत सगळं कुटुंब दात काढून उभं, आणि किड्याची काच नेमकी चिरंजिवांच्या खांद्याआड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लावा फोन त्याला. चांगला झापतो," मी म्हणालो.

साडूंनी हातानंच मला गप्प केलं. मोबाईल उरल्या डोळ्याशी नेऊन ते बोटांनी फोटो मोठा करत राहिले. मला वाटलं, शेपटीचं टोक तरी दिसतंय का ते शोधताहेत.

बऱ्याच वेळानं मोबाईल अक्कांकडं देत म्हणाले, "लई वाळलंय गं आपलं पोरगं."