अर्धलीची कोंबडी

१२ जानेवारी २००३. काम : वाघोलीपलीकडच्या वस्तीवर गावठी कोंबड्यांचं रक्त घेणं.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. देशी कोंबड्यांत आनुवंशिक वैविध्य किती उरलंय, हे आमच्या सरांना तपासायचं होतं. अट एकच : नमुने एकमेकींच्या नात्यात नसलेल्या कोंबड्यांचे हवेत. म्हणून एका घरातून एकच कोंबडी.

खुराड्यातून सुटली की कोंबडी हाती लागत नाही. त्यामुळे सलग चार दिवस कोथरूडहून पहाटे स्कूटर काढली. पंखाखालची शीर, सुई, नळी, चिठ्ठी. सव्वीस घरं झाली. चौथ्या दिवशी शेवटच्या घरातली बाई म्हणाली, "ताई, जपून टोचा. मेली तर आत्याबाईंना काय सांगू?"

"कोंबडी तुमचीच ना?"

"माझीच हाय की. अर्धलीची."

म्हणजे आत्याबाईंनी कोंबडी द्यायची, हिनं सांभाळायची आणि पिलं निम्मीनिम्मी वाटून घ्यायची.

"आणि शेजारची?"

"ती बी तसलीच. समद्या वस्तीला त्यांनीच दिल्यात."

आत्याबाई पलीकडेच ऊन खात बसल्या होत्या. माहेराहून एक काळी कोंबडी आणली होती, हा सगळा तिचाच पसारा, म्हणाल्या. मला नात्यातल्या कोंबड्या चालत नाहीत, हे ऐकून हसल्या. "सोयरीक जमवायची व्हती व्हय? मग आधी कूळ इचारायचं!"

मी दारोदार ‘कोंबडी कुणाची?’ असं विचारलं होतं, ‘आणली कुठून?’ असं नाही.

संध्याकाळी सरांना फोन केला.

"अहो, रंग वेगवेगळे आहेत ना? घरंही वेगळी. तसंच लिहा. आपण काय पत्रिका बघायला गेलो होतो?"

"सर, सगळ्या सारख्याच निघतील. मग आपणच छापणार, देशी कोंबड्यांत काही उरलं नाही."

"अहवाल महिनाअखेरीला द्यायचाय. नवीन नमुने आणणार कुठून? तिकडे सगळे प्लॉट पडलेत."

ते खोटं नव्हतं. आजूबाजूच्या दोन वस्त्या उठल्या होत्या आणि तिथं इमारतींचे पाये खणून झाले होते. पाठ इतकी दुखत होती की सरांचं ऐकावं, असं खरंच वाटलं. फोन ठेवला आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आत प्रयोगशाळेत गेले. फ्रीजमधली एक नळी ठेवली, पंचविसांवर ‘बाद’ लिहिलं, वहीत कारण लिहून सही केली. मग कोऱ्या नळ्यांचा डबा घेऊन सासवडच्या रस्त्याला लागले.