कचरा डेपोच्या शेजारचा विज्ञान शिक्षक

बावीस वर्षं मी आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो आहे. वारे कुठून कुठे वाहतात, थंडीत धूर जमिनीलगत का बसून राहतो, पाणी मातीतून कसं झिरपतं, हे सगळं मी रंगीत खडूनं फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, बिचाऱ्याला कळत नव्हतं.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, शेत मोडून प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये आहे. लेआउटच्या मागे थोडी शेतं, मग नाला, आणि नाल्यापलीकडे गावाचा कचरा डेपो. प्लॉट घेण्याआधी मी तीनदा येऊन पाहणी केली. तिन्ही वेळा मे महिना होता आणि वारा पश्चिमेकडून सुटलेला होता. डेपो ईशान्येला. त्यामुळे तीनही वेळा मला वास आला नाही, आणि वास येत नाही म्हणजे वास नाही, असा निष्कर्ष मी काढला. माझे साडू वास्तुशास्त्राचा थोडा अभ्यास करतात. ते म्हणाले, ईशान्य दिशा मोकळी पाहिजे. ती होतीच. थेट कचऱ्याच्या डोंगरापर्यंत मोकळी होती.

घर बांधून पुढच्या वर्षी जूनमध्ये राहायला आलो. पावसाळा माशांसोबत काढला. दिवाळीनंतर थंडी पडली, वारा फिरला आणि पहाटे उठून पाहतो तो शेतांवर पांढरा पातळ थर पसरलेला. मी बायकोला उठवून धुकं दाखवलं. मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, ‘आमच्या गच्चीवरून दिसणारी पहाट’ म्हणून. साडूंनी महाबळेश्वरची आठवण आली असं लिहिलं. धुक्याला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता, पण फोटोत तो येत नाही.

डेपोला आग कधी आपोआप लागते, कधी तारांतलं तांबं काढण्यासाठी कुणी लावतं. एकदा लागली की आतल्या आत आठ-आठ दिवस धुमसत राहते. हे मला नंतर कळलं.

बायको पोस्टात कारकून आहे. तिला नोव्हेंबरात खोकला सुरू झाला. मी निदान हाती घेतलं. प्रथम फोडणीवर संशय घेतला आणि आठ दिवस आमच्याकडे वरणाला फोडणी नव्हती. मग अगरबत्ती बंद केली. मग पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या. खोकला वाढतच गेला, तेव्हा घरात ताजी हवा कमी पडते असं माझ्या लक्षात आलं. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि ईशान्येच्या दोन्ही खिडक्या रात्रंदिवस सताड उघड्या ठेवल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिच्या म्हणण्यावरून आम्ही गिरडला गेलो. टेकडी चढलो, दर्ग्यात डोकं टेकवलं, खाली येऊन झाडाखाली डबा खाल्ला. दिवसभरात ती एकदाही खोकलली नाही. परत येताना एसटीत ती म्हणाली, “तिथं मले खोकलाच नाई आला.” मी म्हणालो, चढण चढल्यानं छाती मोकळी होते. दुसऱ्या दिवसापासून मी तिला जिना चढायला-उतरायला लावला. मी स्वतः तर त्या आधीपासूनच रोज पहाटे गच्चीवर जाऊन, ईशान्येला तोंड करून, अर्धा तास प्राणायाम करत होतो. दीर्घ श्वास, पोटापर्यंत.

शेवटी तिनं माझं निदान गुंडाळून ठेवलं आणि मला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी तिची छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, राहता कुठे? महिनाभरात हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी पत्ता सांगितला. मग त्यांनी श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका नळीत दोघांनाही फुंकायला लावलं. माझा आकडा बायकोपेक्षा खाली आला. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही पहाटे बाहेर जाता का? मी जरा अभिमानानंच प्राणायामाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“गच्चीवर?”

“हो. ईशान्येकडे तोंड करून.”

“आधी ते बंद करा,” त्या म्हणाल्या.

दोघांनाही तोंडात ओढायचे औषधाचे पंप लिहून दिले. बायको माझ्याकडे पाहून हसत होती, आणि हसता हसता खोकत होती. उठता उठता डॉक्टरीण बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला: पिण्याचं पाणी कुठलं? आमच्याकडे नळ आहे, मी म्हणालो. आणि हे म्हणतानाच मला मावशीची बाटली आठवली.

मावशी म्हणजे आमच्या मागच्या शेताच्या मालकीण. वय साठीच्या पुढे. शेतातच घर, मुलगा बाहेरगावी कामाला, घरी सून आणि पाच वर्षांची नात. त्यांची विहीर नाल्याला लागून आहे. सप्टेंबरात, पाऊस ओसरल्यावर, त्या एका बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन आमच्या दारात आल्या होत्या. पाण्याला फिक्क्या चहासारखा रंग होता. “सर, तुमी सायन्सचे ना,” त्या म्हणाल्या, “पाहून सांगा बरं, हे प्याले चालते का?” त्या अगोदर असं पाणी कधी आलं नव्हतं म्हणे.

मी बाटली शाळेच्या प्रयोगशाळेत नेली. लिटमस कागद बुडवला. लाल कागद लालच राहिला, निळा निळाच. दहावीच्या पोरांसमोर मी हा प्रयोग इतक्या वेळा केला आहे की, पाण्याची परीक्षा म्हणजे हीच, असं माझं मन धरून बसलं होतं. संध्याकाळी मावशींच्या अंगणात खुर्चीवर बसून मी सांगितलं की पाणी आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, उदासीन आहे. रंग पानांचा असेल, उकळून प्या. त्यांनी मला दूध आटवून चहा करून दिला. तो त्याच पाण्याचा होता, आणि मी तो शास्त्रीय आत्मविश्वासानं प्यालो.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि आता नीट पाहिलं. सुनेच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खाजेचे चट्टे होते. भांडी, धुणं, सगळं त्याच पाण्यात. नातीचं पोट दिवाळीपासून सारखं बिघडत होतं, त्यामुळे बालवाडी बुडत होती. मी एक स्वच्छ बाटली भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत देऊन आलो. काही दिवसांनी कागद आला. त्यातले निम्मे शब्द मला शिकवता आले असते, पण शेवटची ओळ कुणालाही वाचता आली असती: पिण्यास अयोग्य. मी त्या प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारलं, डेपोचं पाणी असेल का? तो म्हणाला, कचऱ्यातलं काळं पाणी उताराकडे मुरतं, विहीर उतारावर असेल तर दुसरीकडे कुठे जाईल.

तो कागद घेऊन मावशींकडे जाणं मी दोन दिवस पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की पाणी खराब आहे आणि सप्टेंबरात मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. लिटमसनं हे कळत नाही.

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. सोलता सोलताच म्हणाल्या, “तवा तुमाले मालूम होतं का, का त्याच्यानं कळत नाई म्हनून?”

“नाही,” मी म्हणालो. खरं म्हणजे मालूम होतं. लिटमस काय सांगतो आणि काय नाही, हा मी दरवर्षी परीक्षेत विचारतो तो प्रश्न आहे. म्हणून पुन्हा म्हणालो, “मालूम होतं मावशी. पण तेव्हा सुचलं नाही.”

“मंग तसंच सांगाचं ना सर. मले नाई समजत म्हनलं असतं, तं मी दुसऱ्याले इचारलं असतं.”

एवढंच. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सुनेला हाक मारून रांजण ओतून टाकायला सांगितलं आणि मला विचारलं, तुमच्या नळाले पानी किती वाजता येते? दुसऱ्या दिवसापासून प्राणायामाच्या वेळेला मी स्कूटरवर दोन कॅन बांधून त्यांच्याकडे पाणी पोचवू लागलो. तोंडाला रुमाल बांधून.

डेपोसाठी अर्ज करणं हे माझं काम ठरलं, कारण लेआउटमध्ये सगळ्यांत चांगलं मराठी माझं आहे असा माझाच प्रचार होता. मी तीन पानी अर्ज लिहिला. सुरुवात पंचमहाभूतांपासून केली. दुसऱ्या पानावर नद्यांचा इतिहास होता. नगरपालिकेतल्या कारकुनानं तो उलटून-पालटून पाहिला आणि सौजन्यानं विचारलं, “यात मागनी काय हाय सर?” मागणी लिहायची राहूनच गेली होती. बायकोनं घरी बसून दुसरा अर्ज लिहिला. सात ओळींचा. आग विझवा, कचऱ्यावर माती टाका, मागच्या घरांना नळ द्या. प्रयोगशाळेचा कागद सोबत जोडला. लेआउटमधल्या सगळ्यांच्या सह्या तिनंच घेतल्या.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेचे एक साहेब पाहणीला आले. तिशीतले, शांत स्वभावाचे. आले ते सकाळी अकराला. ऊन लख्ख, हवा स्वच्छ, वारा नाही. धूर सरळ वर जात होता आणि दूरवरून सुंदर दिसत होता. ते म्हणाले, आज तर त्रास काही जाणवत नाही. मी एक काडी घेतली आणि मातीत थंड हवेचा थर, गरम हवेचा थर, बाण वगैरे काढून त्यांना तापमानाचं उलटेपण समजावून दिलं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी मी थांबलो नाही. मावशी बाजूला उभ्या होत्या. माझं संपेना म्हणून त्याच पुढे झाल्या.

“साहेब, हुरडा खाता का तुमी?”

साहेब म्हणाले, आवडतो, पण आता ड्यूटीवर आहे.

“आता नाई. रविवारी सांजच्याले येजा. लेकराले, बाईसाहेबाले घेऊन येजा.”

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी ते आले, बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी सोबत. मावशींनी गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजली. सून दाणे चोळून देत होती. शेंगदाण्याची चटणी होती, गूळ होता, दही होतं. दोन्ही लहान मुली एका खाटेवर बसून खात होत्या. साहेब डेपोबद्दल काही बोलले नाहीत आणि मावशींनीही काही काढलं नाही. मला चार वेळा तोंड उघडावंसं वाटलं, चारही वेळा बायकोनं माझ्या पानात हुरडा वाढला.

सूर्य बुडाला आणि दहा मिनिटांत गार वारा नाल्याकडून आला. मागोमाग तो थर आला, गुडघ्याइतका, मग डोक्याइतका. आधी साहेबांची मुलगी खोकायला लागली. तिचे डोळे चुरचुरले, ती रडायला लागली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ते लेकरू खोकलं तेव्हा मला आनंद झाला. माझ्या काडीनं जे झालं नाही ते आता होईल असं वाटलं, आणि मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मुलीकडे पाहिलं नाही. मावशी मात्र केव्हाच उठल्या होत्या. त्यांनी पदर आमच्या कॅनमधल्या पाण्यात भिजवून त्या मुलीचे डोळे पुसले, तिला आत नेलं, दार लावलं. बाहेर येऊन त्या साहेबांना हळूच म्हणाल्या, “तुमी आता घरी जासान साहेब. माही नात इथंच निजते.”

 जाताना साहेबांनी मावशींना वाकून नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात पाण्याचे टँकर आले आणि डेपो चार दिवस विझवत होते. मग मातीचे ट्रक आले. एक चौकीदार बसवला. उन्हाळ्यात मागच्या घरांना नळ मिळाला. डोंगर आहे तिथंच आहे. या थंडीत पुन्हा काही दिवस धूर आला, पण रोज नाही. जे दिवस वाईट असतात तेव्हा बायको सुटी टाकून आष्टीला माहेरी जाते आणि तिथून फोनवर बिनखोकल्याचं बोलते. पंप दोघांचेही चालू आहेत. नातीचं पोट नीट झालं, ती आता पहिलीत आहे. सुनेच्या हातांवरची खाज गेली, काळे डाग राहिले. मी ते पाहतो आणि दुसरीकडे बघतो. मावशींनी विहिरीवर पत्रे टाकून घेतले.

एक गोष्ट मी आतापर्यंत सांगायची टाळली. राहायला आल्यापासून शाळेत जाताना मी घरची कचऱ्याची पिशवी स्कूटरला अडकवून न्यायचो आणि डेपोच्या भिंतीवरून आत भिरकावायचो. ओला-सुका सगळा एकत्र. दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या दोन जुन्या ट्यूबलाइटसुद्धा तिथंच गेल्या. अर्जावर सही केली त्या दिवशी सकाळीही मी पिशवी टाकूनच नगरपालिकेत गेलो होतो.

नंतर ते बंद केलं. अंगणात खड्डा खणला आणि ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. कृती पाठ होती, वर्गाला शिकवतो तीच. तीन आठवड्यांनी मावशी नाकाला पदर लावून फाटकात उभ्या राहिल्या आणि विचारलं, तुमच्याकडं काही मेलं काय? मी खड्डा दाखवला. त्या जाऊन शेतातून पाटीभर माती आणि तुरीचा वाळलेला पाला घेऊन आल्या, पदर खोचला आणि कचऱ्यावर थर देऊ लागल्या. मला म्हणाल्या, उभे नका राहू, काडी घ्या अन् खालवर करा.