दौलत भाऊजींची ऑफ-रोड सायकल

माझे धाकटे दीर दौलत दापोड्याच्या एका गोदामात हमाल आहेत. कामाला वाघ, पण आमच्या अंजूरहून दापोड्याचा रस्ता कंटेनरांनी असा तुंबतो की रिक्षात बसलेला माणूस तिथेच म्हातारा व्हावा. शेवटी सुपरवायझरने बजावलं, आता उशीर झाला तर गेटवरूनच परत जायचं, कायमचं.

यावर भाऊजींनी काय करावं? भंगारवाल्याकडून जुनी सायकल उचलून आणली. म्हणे खाडीच्या बांधावरून, शेतांतून जाणार. मी म्हटलं, तिकडे रस्ताच नाही.

"म्हनून तर ऑफ-रोड, वयनी. रोड ऑफ हाय ना."

पुढे ओटा माझा आणि ग्रीस त्यांचं. चिखल अडकतो म्हणून मडगार्ड काढले. वजन नको म्हणून कॅरियर गेलं, स्टँडही गेला, आणि सायकल माझ्या नव्या रंगाच्या भिंतीला टेकली. चढाला जड जाऊ नये म्हणून मागे मोठं फ्रीव्हील बसवलं; आता सपाटीवर पाय शिलाई मशीनसारखे चालतात आणि सायकल मात्र रांगते. चिखलात रुतून पकडणाऱ्या जाड गुट्ट्यांचे टायर आणले, तर पुढचा बसेना. "चिमटा पायजे," भाऊजी पुटपुटले. मी चुलीजवळचा नेऊन दिला.

"वयनी, हा भाकरीचा. मला सायकलीचा पायजे."

पुढचं चाक ज्या दुबेळक्यात बसतं त्यालाही चिमटाच म्हणतात, हे मला कोण सांगणार? त्यांचा रुंद चिमटा भंगारातून मिळाला. बरं, मग माझा तरी परत द्यावा! तो टायर रिमवर चढवायला ठेवून घेतला. त्या दिवशी भाकऱ्या मी बोटं भाजत उलटल्या. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, करू दे त्याला.

सोमवारी भाऊजी डबा पाठीला बांधून निघाले. माझं कशात लक्ष लागेना. बांधावर अजून चिखल होता. आज घसरले तर नोकरीच घसरली. फोन आला तेव्हा पिठाच्या हातानेच घेतला.

"पोचलू, वयनी. पन गेटला कुलूप हाय. चावी सुपरवायझरकडं, न् तो कोनगावच्या ट्रॅफिकमधी आडकलाय."

सुपरवायझर पुष्कळ उशिरा आला. गेटशी मानेपर्यंत चिखलाने माखलेले भाऊजी बसलेले पाहून ओशाळला असावा. उशिराचा विषय त्याने काढलाच नाही. गोदामाची चावी भाऊजींच्या हातात दिली आणि उद्यापासून गेट तूच उघड म्हणाला.

नोकरी राहिली. भाऊजी ती चावी गावभर दाखवत फिरताहेत. गेट उघडायचं तर सगळ्यांच्या आधी पोचायला हवं, आणि डबा त्याच्याही आधी तयार हवा, हे मात्र अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.